कियांती कोणाची? तोस्कानातली लाल वाइन आणि तिच्या नावाचं भांडण

ओलांडा (धागाकर्ता)

मी मूळचा निफाड तालुक्यातला. घरी तीन पिढ्यांची द्राक्षबाग, खायच्या द्राक्षांची. गेली पाच वर्षं नोकरीनिमित्त इटलीच्या तोस्काना (टस्कनी) प्रांतात फिरेन्झेला, म्हणजे फ्लॉरेन्सला राहतो. इथून दक्षिणेकडे सिएनाला जाणारा जुना रस्ता धरला की तासाभरात कियांतीचे डोंगर लागतात. पहिल्यांदा गेलो तेव्हा वाइन प्यायला नव्हे, बाग बघायला गेलो होतो. बसमधून उतरून रस्त्याकडेच्या वेलीचं खोड हाताने चाचपलं आणि घरची आठवण आली. त्या दिवसापासून या भागाबद्दल मिळेल ते वाचतोय. इथे बऱ्याच जणांना वाइनबद्दल कुतूहल आहे, म्हणून हा धागा.

आधी उच्चार. आपल्याकडे 'चियांती' म्हणतात, पण इटालियनमध्ये तिथे क येतो. कियांती.

कियांती हे आधी जागेचं नाव, मग वाइनचं. राद्दा, गायोले आणि कास्तेल्लीना या तीन डोंगरी गावांचा मध्ययुगात एक संघ होता, त्याचं चिन्ह काळा कोंबडा. अस्सल कियांती म्हणजे एवढाच टापू. १७१६ साली तोस्कानाचा ग्रँड ड्यूक कोसिमो तिसरा याने फर्मान काढून कियांती, पोमिनो, कार्मिन्यानो आणि वाल्दार्नो दि सोप्रा या चार भागांच्या हद्दी लिहून दिल्या. या हद्दीबाहेरच्या वाइनला हे नाव लावायचं नाही, असा त्याचा अर्थ. तीनशे वर्षांपूर्वी वाइनच्या नावाला कायद्याचं कुंपण! जगात असं कुंपण पहिल्यांदा घालणाऱ्यांत याची गणना होते.

पण नाव गाजलं की शेजारी ते वापरतातच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तोस्कानात कुठेही केलेली लाल वाइन 'कियांती' म्हणून विकली जाऊ लागली. म्हणून १९२४ मध्ये राद्दाला ३३ उत्पादक जमले आणि त्यांनी नाव राखण्यासाठी संघ काढला. चिन्ह तेच, काळा कोंबडा. आठ वर्षांनी, १९३२ मध्ये, सरकारने निकाल दिला तो मात्र निम्माच त्यांच्या बाजूचा. फिरेन्झे, सिएना, आरेत्सो, पिसा या सगळ्यांभोवतीच्या टेकड्यांनाही कियांती म्हणायची मुभा मिळाली, आणि मूळ टापूला (तोही थोडा वाढवून) 'क्लासिको' हे विशेषण मिळालं. ज्यांचं नाव होतं त्यांनाच त्याच्यामागे शेपूट लावावं लागलं. मला यात आजही अन्याय दिसतो. दुकानात 'कियांती' आणि 'कियांती क्लासिको' शेजारी दिसतात, तेव्हा ही प्रत कमी-जास्त असल्याची बाब नसते. हे दोन वेगळे प्रदेश आहेत, नियमही वेगळे.

आता वाइनकडे. मुख्य द्राक्ष सांजोव्हेझे. साल पातळ, रंग फार गडद नाही, आंबटपणा भरपूर, आणि जिभेला तुरटपणा असा की कच्चं जांभूळ खाल्ल्यासारखी जीभ आखडते. वास आंबट चेरीचा, थोडा वाळल्या पानांचा. ग्लास उजेडात धरला तर पलीकडचं बोट दिसतं. गडद रंग म्हणजे चांगली वाइन, असा समज असणाऱ्यांनी एकदा ही उजेडात धरून बघावी.

या वाइनला आजचं रूप देणारा माणूस बेत्तीनो रिकासोली. गायोलेजवळचा ब्रोलियो किल्ला त्यांच्या घराण्याकडे ११४१ पासून आहे. काव्हूरच्या मृत्यूनंतर १८६१ मध्ये हा एकत्र इटलीचा दुसरा पंतप्रधान झाला. करड्या स्वभावामुळे त्याला 'लोखंडी बॅरन' म्हणत. त्याने कित्येक वर्षं प्रयोग केले आणि १८७२ मध्ये पिसाच्या एका प्राध्यापकाला पत्र लिहून निष्कर्ष कळवला: सांजोव्हेझेकडून सुगंध आणि दम, कानायोलो या दुसऱ्या लाल द्राक्षाकडून मऊपणा, आणि मालव्हाझिया हे पांढरं द्राक्ष फक्त लवकर प्यायच्या वाइनमध्ये. मुरवायच्या वाइनमध्ये पांढरं नको, असं त्याने स्पष्ट म्हटलं होतं.

पुढे हेच विसरलं गेलं. १९६७ मध्ये सरकारी दर्जाचे नियम आले, तेव्हा किमान १० टक्के पांढरी द्राक्षं घालणं सक्तीचं झालं, ३० टक्क्यांपर्यंत चालत. तेही बहुतेक त्रेब्यानो, जे भरघोस येतं आणि चवीला पाणचट. त्याच सुमाराला डोंगरभर नव्या लागवडी झाल्या, तिथेही माल जास्त देणाऱ्या जाती निवडल्या गेल्या. वाइन फिकी पडली, भाव पडला, नाव पडलं.

मग ज्यांना चांगली वाइन करायची होती त्यांनी नावच सोडलं. आन्तिनोरी घराण्याने आपल्या एका मळ्याचं १९७१ चं पीक 'तिन्यानेल्लो' नावाने बाजारात आणलं, आणि लेबलवर दर्जा लिहिला 'व्हिनो दा ताव्होला', म्हणजे रोजच्या जेवणातली साधी वाइन. १९७५ पासून त्यात पांढरं द्राक्ष अजिबात नाही. मळा कियांती क्लासिकोच्या हद्दीत, द्राक्ष कियांतीचं, पण कायद्याप्रमाणे ती कियांती नव्हती! आणि तिचा भाव कियांतीच्या कितीतरी वर गेला. क्लासिकोत पांढऱ्या द्राक्षांवर पूर्ण बंदी यायला २००६ उजाडलं. आज क्लासिकोत किमान ८० टक्के सांजोव्हेझे लागतं आणि शंभर टक्केही चालतं. लोखंडी बॅरनचं म्हणणं मान्य व्हायला १३४ वर्षं लागली.

गेली तीन वर्षं राद्दाजवळच्या एका ओळखीच्या कुटुंबाच्या मळ्यावर मी तोडणीला जातो. सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर मध्य. सकाळी दव इतकं असतं की बाही कोपरापर्यंत भिजते. घड आपल्यासारखा मोकळा, विरळणी केलेला नसतो, मणी एकमेकांना चिकटून बसलेले. कात्री देठाशी नेताना दुसऱ्या हाताने घड खालून धरायचा आणि आत बोट घालून बघायचं, कारण कुजलेला मणी नेहमी आतल्या बाजूला असतो. पहिल्या वर्षी मी वरून सुंदर दिसणारा घड तसाच क्रेटमध्ये टाकला. मळ्याच्या मालकीणबाईंनी तो उचलला, मधोमध फोडला, करड्या बुरशीचा गाभा मला दाखवला आणि काही न बोलता पुढच्या वेलीकडे गेल्या. आता हात आपोआप आत जातो.

काही विचारायचं असेल तर विचारा. मला सगळं येतं असं नाही, पण मळा जवळून बघितला आहे.

---

चंद्रभागा

सुंदर लिहिलंय. माझ्या लहानपणी गिरगावात शेजाऱ्यांकडे एक पोट मोठं असलेली, गवताने विणलेली बाटली होती. त्यांचे काका जहाजावर होते, त्यांनी आणलेली. वाइन कधीच संपली होती, ते त्यात मेणबत्ती लावायचे. ती कियांतीचीच का?

---

ओलांडा

चंद्रभागाताई, तीच असणार. तिला इथे 'फियास्को' म्हणतात. काच फुंकून केली की तळ गोल राहतो आणि बाटली उभी राहत नाही. म्हणून दलदलीत उगवणारं गवत वाळवून त्याचं वेष्टण विणायचं. त्याने बाटली उभी राहते, प्रवासात फुटत नाही, आणि गाडीत दोन बाटल्या एकमेकींना टेकल्या तरी चालतं. एम्पोलीच्या आसपास हिरव्या काचेचे कारखाने होते, आणि विणकाम बायका करायच्या, बऱ्याचदा घरीच, नगावर मजुरी. पुढे मजुरी वाढली, यंत्राने भरायला सरळ बाटली सोयीची, म्हणून फियास्को मागे पडली. स्वस्त कियांतीच्या काळात हीच बाटली जगभर गेली, त्यामुळे ती स्वस्ताईची खूण होऊन बसली. पण मला ती आवडते. गवताची वीण जवळून बघा, वर मानेशी एक पीळ असतो, तो हातानेच घालावा लागतो.

आपण 'फियास्को झाला' म्हणतो तो शब्दही हाच. इटालियनमध्ये 'बाटली करणं' म्हणजे फजिती होणं.

---

निफाडचा_पाटील

भाऊ, गाववाला निघालास. आता शेतकऱ्याचे प्रश्न. एकरी माल किती? पाणी कसं देतात? छाटणी किती वेळा? डाऊनी-भुरी आहे का तिकडे?

---

ओलांडा

पाटील, याच प्रश्नांची वाट बघत होतो!

माल: क्लासिकोच्या नियमानुसार हेक्टरी जास्तीत जास्त साडेसात टन. म्हणजे एकरी तीन टन. आपल्याकडे एकरी दहा-बारा टनांची सवय असलेल्या माणसाला हे ऐकून धक्का बसतो, मलाही बसला. वडिलांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, 'बाग आजारी आहे का?' जुलै-ऑगस्टमध्ये हे लोक हिरवे घड कापून जमिनीवर टाकतात, राहिलेल्या घडांत दम यावा म्हणून. घड जमिनीवर पडलेले बघवत नाहीत.

पाणी: ठिबक सगळीकडे नसतं. वेल अगदी संकटात असेल तेव्हाच पाणी द्यायची परवानगी. नव्या लागवडीत हेक्टरी किमान ४,४०० वेली, म्हणजे दाट. मुळांनी खाली जाऊन पाणी शोधावं ही अपेक्षा. जमीन आपल्या काळ्या मातीसारखी अजिबात नाही. दोन प्रकारचे दगड: गालेस्त्रो, जो पाटीच्या दगडासारखा पापुद्र्यांनी सुटतो आणि हातात चुरगळतो, आणि आल्बेरेझे, कठीण चुनखडी. पावसानंतर मळ्यात माती कमी आणि दगडच जास्त दिसतात.

छाटणी: वर्षातून एकदाच, हिवाळ्यात. आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोड्या बहाराची, अशा दोन कराव्या लागतात. इथे थंडीने पानं झडतात, वेल गाढ झोपते, आणि मार्च-एप्रिलमध्ये स्वतः जागी होते. छाटलेल्या काडीच्या टोकातून तेव्हा पाण्याचे थेंब गळतात. त्याला इथे 'वेलीचं रडणं' म्हणतात. मांडव नाही, तारांवर उभी ओळ. आपल्या ओलांड्यासारखा आडवा हात असतो आणि त्यावर दोन-दोन डोळ्यांच्या (कोंब फुटतो त्या जागांच्या) खुंट्या.

रोग: डाऊनी-भुरी हे दोन्ही बुरशीचे रोग इथेही आहेत. २०२३ चा मे-जून पावसाचा गेला आणि मध्य इटलीत डाऊनीने हाहाकार केला. औषध ओळखीचंच, मोरचूद आणि चुना, नाहीतर गंधक. शिवाय रानडुकरं. टापूचा जवळपास दोन तृतीयांश भाग जंगल आहे, त्यामुळे माल गोड झाला की रात्री टोळ्या उतरतात. विजेच्या तारेचं कुंपण घालावं लागतं.

---

निफाडचा_पाटील

एकरी तीन टनात परवडतं कसं, हे डोक्यातून जात नाही. आम्ही किलोच्या भावावर जगतो. आणि पाऊस?

---

ओलांडा

बाटलीचा भाव आहे म्हणून परवडतं, आणि सगळ्यांना परवडत नाही. ज्यांची स्वतःची बाटली नाही, जे फक्त द्राक्षं विकतात, त्यांचं रडगाणं आपल्यासारखंच. तोडणीच्या तोंडावर पाऊस आला की हेही आकाशाकडे बघत बसतात. मणी फुगतात, साल पातळ असल्यामुळे तडकतात, मग कूज. त्या दिवसांत मळ्यावर कोणी फार बोलत नाही.

---

इतिहासवेडा

काळ्या कोंबड्याची गोष्ट राहिली की. फिरेन्झे आणि सिएना यांचं पिढ्यान्‌पिढ्या वैर. हद्द ठरवायची तर दोन्हीकडून एकेक घोडेस्वार कोंबडा आरवताच निघेल, आणि दोघे भेटतील तिथे सीमा, असं ठरलं. सिएनाने पांढरा कोंबडा निवडला आणि त्याला चांगलं खाऊपिऊ घातलं. फिरेन्झेने काळा निवडला आणि उपाशी डांबला. उपाशी कोंबडा पहाटेच्या कितीतरी आधी ओरडला, फिरेन्झेचा स्वार सुटला, आणि दोघे सिएनापासून अगदी थोड्या अंतरावर फोन्तेरूतोलीपाशी भेटले. म्हणून जवळपास सगळा कियांती फिरेन्झेचा. ही दंतकथा आहे, पण वाझारीने फिरेन्झेच्या पालाझ्झो व्हेक्कियोच्या मोठ्या दालनाच्या छतावर रंगवलेला काळा कोंबडा खरा आहे.

---

देवगडकर

धागा वाचताना सारखा हापूस आठवत होता. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या पाच जिल्ह्यांना. आमच्याकडच्या काही जणांना देवगडचा वेगळा मान हवा होता. बाहेरच्या राज्यातला आंबा देवगडच्या पेटीत भरून वाशीला येतो, ते दुखणं वेगळंच. १९३२ चा तो निकाल वाचला आणि वाटलं, हे आपल्याकडेच घडलंय. पण 'क्लासिको' या शब्दाचा त्यांना पुढे फायदा झाला की तोटाच?

---

ओलांडा

देवगडकर, माझ्या मते शेवटी फायदा, पण त्यासाठी त्यांनी स्वतःवर कडक नियम लादून घेतले म्हणून. १९९६ मध्ये क्लासिकोला स्वतंत्र नियमावली मिळाली. बाकीच्या कियांतीत ७० टक्के सांजोव्हेझे चालतं, यांनी ८० ठरवलं. हेक्टरी माल कमी ठेवला. २०१४ पासून सर्वांत वरची पायरी आणली, 'ग्रान सेलेत्सियोने': द्राक्षं स्वतःच्याच मळ्यातली आणि बाजारात येण्याआधी किमान ३० महिने मुरवलेली. आणि २०२१ मध्ये टापूचे ११ उपविभाग ठरवले, राद्दा वेगळं, पान्झानो वेगळं, लामोले वेगळं. म्हणजे देवगड वेगळं, रत्नागिरी वेगळं, तसंच. बाटलीवर कोंबड्याचं चिन्ह असल्याशिवाय ती क्लासिको नाही. अस्सल पेटी पटकन ओळखता येईल असं काही आपल्याकडेही व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

---

शेवंती

माहिती छान आहे, पण मनात आलं ते लिहिते. माझ्या माहेरच्या गावात बायकांनी मतदान करून दारूचं दुकान बंद पाडलं. माझी आई त्यात होती. दारूबद्दल इतक्या प्रेमाने लिहिलेलं वाचताना मला त्रास होतो. राग नाही, पण सांगावंसं वाटलं.

---

ओलांडा

शेवंतीताई, लिहिलंत हे बरं केलंत. आमच्याही भावकीत दारूने उठलेलं घर आहे, त्या काकूंना मी जवळून बघितलं आहे. त्यामुळे तुमच्या आईंबद्दल मला आदरच आहे. इथे मी जे बघतो ते जेवणाच्या ताटाशेजारचं असतं, एक ग्लास, सोबत पाण्याचा जग. तरीही दारूचे आजार इथेही आहेत, ते लपवत नाही. मी वेलीच्या ओढीने इथे आलो आणि माझं लिहिणं शेतीबद्दलच आहे. कोणी यातून प्यायला सुरुवात करावी असं मला अजिबात वाटत नाही.

---

सुगरण_ठाणे

मागच्या वर्षी आम्ही फिरेन्झेला गेलो तेव्हा पावात मीठच नव्हतं! मला वाटलं विसरले. शाकाहारी माणसाने कियांतीच्या गावात काय खावं?

---

ओलांडा

विसरले नव्हते, तोस्कानाचा पाव असाच बिनमिठाचा असतो. बाकी सगळं खारट, चीज, सुकवलेलं मांस, म्हणून पाव अळणी. दोन दिवसांचा शिळा झाला की त्याचे पदार्थ होतात आणि तेच शाकाहाऱ्यांसाठी उत्तम. 'रिबोल्लीता' म्हणजे पांढरे घेवडे, काळपट पानांचा कोबी, गाजर, कांदा आणि शिळा पाव यांचं घट्ट शिजवलेलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळलेलं. नावाचा अर्थच 'पुन्हा उकळलेलं'. दुसरं 'पाप्पा अल पोमोदोरो', टोमॅटो आणि पाव यांची लापशीच म्हणा. वरून कच्चं ऑलिव्ह तेल. टोमॅटोच्या आंबटपणापुढे बहुतेक लाल वाइन बोथट लागतात, सांजोव्हेझे लागत नाही, कारण ती स्वतः आंबट आहे. आपल्या जेवणात मिरची जास्त असेल तर तुरटपणा आणि तिखट मिळून तोंड जळतं. मी घरी वांग्याचं भरीत कमी तिखट करून बघितलं, धुरकट वासाशी छान जमलं.

---

अकलूजकर

आमच्या सोलापूर जिल्ह्यातही सांजोव्हेझे आहे बरं का! अकलूज परिसरात फ्रातेल्ली नावाची वायनरी आहे. फ्रातेल्ली म्हणजे भाऊ. अकलूजचे, दिल्लीचे आणि इटलीचे अशा भावांच्या जोड्यांनी मिळून काढलेली. तिथले वाइनमेकर पिएरो मासी तोस्कानाचेच. त्यांची 'सेत्ते' ही वाइन सांजोव्हेझे आणि काबेर्ने सोव्हिन्यों यांची. फक्त आमच्याकडे तोडणी थंडी संपता संपता, तिकडे थंडी सुरू होताना.

---

ओलांडा

अकलूजकर, मी सुट्टीत आलो होतो तेव्हा चाखली आहे. द्राक्ष तेच, पण ऊन वेगळं. मला ती जास्त पिकलेली, आंबटपणाने मऊ वाटली. त्याच काडीला वेगळी माती आणि वेगळा सूर्य मिळाला की काय होतं ते त्यात कळतं.

---

सायकल_सदाशिव

गायोलेचं नाव वाचून उडालोच. 'लेरोईका' तिथेच होते! १९९७ पासून, ऑक्टोबरच्या सुरुवातीला. १९८७ च्या आधीच्या सायकली, लोकरीची जर्सी, आणि पांढऱ्या मातीचे कच्चे रस्ते. वाटेतल्या थांब्यांवर तीच रिबोल्लीता आणि वाइन. हे कच्चे रस्ते डांबरी होऊ नयेत म्हणूनच ती सुरू झाली. एकदा जायचंय.

---

चंद्रभागा

एक विचारू? पूर्वी या मळ्यांवर कोण राबायचं? किल्लेवाले बॅरन तर राबत नसणार.

---

ओलांडा

ताई, हे मूळ लेखात यायला हवं होतं. शतकानुशतकं इथे 'मेद्झाद्रिया' होती, आपल्याकडची अर्धेली. जमीन आणि घर मालकाचं, राबणारं सगळं कुटुंब कुळाचं, आणि धान्य, तेल, वाइन निम्मंनिम्मं. तेव्हा नुसती द्राक्षबाग नसायची. गव्हाच्या पट्ट्यांमधून ऑलिव्ह आणि मेपलची झाडं, आणि वेल त्या मेपलवर चढवलेला. पाच-सहा पिकं एकाच शेतात, घराला वर्षभर पुरतील अशी.

दुसऱ्या महायुद्धानंतर तरुण मंडळी प्रातोच्या कापड कारखान्यांत, फिरेन्झेत निघून गेली. १९६४ मध्ये कायद्याने नवे अर्धेलीचे करार बंद झाले. डोंगरभर घरं ओस पडली. मग शहरातले, परदेशातले लोक आले, घरं घेतली, आणि मिश्र शेती मोडून सलग द्राक्षाच्या ओळी लावल्या गेल्या. पोस्टकार्डावर दिसणारा कियांती हा असा अलीकडचा आहे.

मी जातो त्या मळ्यावरचे आजोबा अशाच कुळात जन्मले. वाइन करताना ते अजून एक जुनी रीत थोड्या मालावर करतात, 'गोव्हेर्नो'. तोडणीच्या वेळी चांगले घड निवडून बोरूच्या चटईवर सुकत ठेवायचे. आमच्या तासगावच्या पाहुण्यांची बेदाण्याची शेड आठवते बघा, तसंच, फक्त इथे ऊन नाही, सावली आणि थंड वारा. नोव्हेंबरात ते सुरकुतलेले मणी चुरून तयार होत आलेल्या वाइनमध्ये टाकले की ती पुन्हा आंबून फसफसायला लागते, आणि वसंतापर्यंत मऊ, प्यायला तयार होते. मागच्या वर्षी त्यांनी पिंपाला कान लावून मला ऐकायला सांगितलं. आत बारीक सरसर आवाज येत होता, पावसाची भुरभुर पत्र्यावर पडावी तसा.

---

निफाडचा_पाटील

भाऊ, त्या वेलीच्या छाटणीचे फोटो टाक. खुंटीवर डोळे कसे राखतात ते बघायचंय. आणि दोन काड्या आणता येतील का?

---

ओलांडा

पाटील, काडी नाही आणता येणार. रोग येऊ नये म्हणून परवानगीशिवाय रोपं-काड्या आणायला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. फोटो नक्की. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आजोबांची छाटणी सुरू होईल. खोडाचा घेर, दोन खुंट्यांतलं अंतर, काडीची जाडी, सगळं टेप लावून मोजून आणतो. तुमच्याही बागेतली मापं इथे टाका.